जंगल नेमकं कोणाचं? दिल्लीचं, मुंबईचं का गावाचं?

तुझा प्रश्न आधी दोन ओळीत मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तू मूळचा गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातला, आता अमेरिकेत युटा राज्यात नोकरीला, आणि तिथं लोक सारखे म्हणतात की आमच्या राज्यातली अर्ध्याहून जास्त जमीन वॉशिंग्टनच्या ताब्यात आहे, ती आम्हाला द्या. इकडं बाबा फोनवर सांगतात की गावच्या जंगलात वनखात्याचं चालणार का ग्रामसभेचं यावरून रोजची कचकच आहे, वनहक्काचा सामूहिक दावा टाकून दोन वर्षं झाली तरी कागद हलत नाही. म्हणून तू विचारतोस की जंगल शेवटी कोणाचं, केंद्राचं, राज्याचं का गावाचं, आणि गावानं आता करायचं काय.

काका म्हणून लिहिलंस म्हणून तुला तूच म्हणतो. मी गडचिरोली-चंद्रपूरकडं ग्रामसभांसोबत सव्वीस वर्षं काम करतोय, आणि २००८ नंतर तर बहुतेक सगळा वेळ वनहक्काच्या दाव्यांतच गेला. एवढ्या वर्षांत मला एक कळलं की "कोणाचं" हा प्रश्न असा सरळ विचारला की उत्तर मिळत नाही, नुसती भांडणं होतात. त्याचे चार तुकडे करावे लागतात. कागदावर नाव कोणाचं आहे? परवानगी कोण देतो? माल विकला की पैसा कोणाच्या खात्यात जातो? आणि रात्री जंगलात आग लागली तर झाडाच्या फांद्या घेऊन विझवायला कोण पळतं? ही चार उत्तरं जिथं चार वेगवेगळ्या माणसांकडं आहेत तिथं जंगलाचं वाटोळं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि जिथं शेवटचे तीन तुकडे एका ठिकाणी आले तिथं जंगल उभं राहताना पण बघितलंय. नाव कोणाचं यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात, माझ्या मते ते चारात सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे.

तुझ्या युटापासून सुरुवात करू. तिथं सुमारे ६३ टक्के जमीन केंद्राची आहे, शेजारच्या नेवाडात तर ८० टक्क्यांच्या आसपास. आणि ती हिसकावून घेतलेली नाही, १८९४ साली युटाला राज्य करण्यासाठी जो कायदा झाला त्यात अट होती की अशा कुणाला न दिलेल्या जमिनीवरचा हक्क राज्य कायमचा सोडून देईल, ती अट मान्य करूनच १८९६ ला राज्य झालं. पुढं १९७६ मध्ये त्यांच्या संसदेनं कायदा करून सांगून टाकलं की ही जमीन आता विकून वाटायची नाही, केंद्राकडंच ठेवायची. तिथून पशुपालक, खाणवाले आणि राज्य सरकारं चिडली ती आजपर्यंत. युटानं ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख एकरांसाठी थेट तिथल्या सुप्रीम कोर्टात दावा टाकला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं तो ऐकायलाच नकार दिला. म्हणजे तुझ्याकडं जमिनीचं नावच केंद्राचं आहे आणि राज्य ते मागतंय.

आपल्याकडं उलटं आहे, आणि हे इथल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. आपल्या जंगलाची जमीन राज्य सरकारच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर "महाराष्ट्र शासन, वन विभाग" असं असतं, केंद्राचं नाव कुठंच नाही. पण किल्ली दिल्लीत आहे. ही किल्ली दिल्लीला गेली तेही १९७६ सालीच. आणीबाणीत बेचाळीसावी घटनादुरुस्ती झाली, तिच्यात जंगल हा विषय राज्याच्या यादीतून काढून समवर्ती यादीत टाकला, म्हणजे दोघांनी कायदे करायचे आणि टक्कर झाली तर केंद्राचा कायदा वरचढ. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. त्याचं सगळं सार एका वाक्यात आहे, केंद्राच्या आगाऊ मंजुरीशिवाय राज्य सरकारनं जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही.

हा कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याआधी राज्य सरकारं जंगलाची जमीन धरणाला, वसाहतीला, निवडणुकीच्या तोंडावर अतिक्रमणाला अशी सढळ हातानं वाटत होती, त्याला चाप बसला हे खरं आहे. पण गावाच्या बाजूनं बघ. गावाला अंगणवाडीसाठी पाच गुंठे जागा पाहिजे, चारी बाजूनं जंगल, तर फाईल गावातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, तिथून नागपूर, मुंबई आणि मग दिल्ली. आणि खाणीला शेकडो हेक्टर पाहिजे असेल तरी रस्ता तोच, फक्त खाणवाल्याकडं दिल्लीत बसवायला माणूस असतो आणि तुझ्या गावच्या सरपंचाकडं तालुक्याला जायला एसटीचं भाडं नसतं. एकच दार दोघांना सारखं ठेवलं की जो मोठा तो आत जातो, हे मी फार वेळा बघितलं.

त्याच्यावर १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जंगल म्हणजे डिक्शनरीत जो अर्थ आहे ते, मालकी कुणाचीही असो, आणि सरकारी कागदावर जंगल म्हणून जे जे लिहिलंय ते पण. हा निकाल तामिळनाडूतल्या गुडलूरच्या झाडतोडीवरून सुरू झालेल्या केसचा, पण त्याचा सगळ्यात विचित्र फटका बसला आपल्या पूर्व विदर्भाला. आपल्याकडं जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदावर "झुडपी जंगल" असा शब्द आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरांच्या वर. प्रत्यक्षात ते गावाचं ढोरं चारायचं रान, मुरमाड, काटेरी झुडपं, मधेमधे स्मशान, शाळा, कुठं कुठं सरकारी ऑफिसंसुद्धा. कुणा जुन्या कारकुनानं लिहिलेल्या "जंगल" या शब्दामुळं ही सगळी जमीन दिल्लीच्या किल्लीखाली गेली. जवळजवळ तीस वर्षं लोंबकळत राहून २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हो, झुडपी जंगल हे जंगलच, पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत ज्या जमिनी वाटून झाल्या त्यांच्यासाठी राज्यानं केंद्राकडं मंजुरी मागावी आणि त्या नियमित कराव्यात. एका शब्दासाठी एवढी वर्षं. मला एका गावात म्हाताऱ्यानं विचारलं होतं की झुडपात जंगल कुठून आलं, मला उत्तर देता आलं नव्हतं.

इथपर्यंत बघ, सगळी लढाई दोघांतच आहे, मुंबई आणि दिल्ली. गाव कुठंच नाही. गावाला इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यापासूनच बाहेर ठेवलं, जंगल राखीव केलं, गावाला निस्तार म्हणून जळण, कुंपणाचे काटे, नांगराचं लाकूड एवढं "सवलत" म्हणून ठेवलं. १९२७ च्या कायद्यात कलम २८ खाली ग्रामवन करायची सोय होती खरी, पण ते सरकारला वाटलं तर द्यायचं आणि वाटलं तर परत घ्यायचं. हक्क नाही, मेहरबानी. तुझ्या बाबांनी बीटगार्डला कोंबडी दिल्याच्या गोष्टी तुला सांगितल्याच असतील, आपल्याकडं ज्या घरात विचारशील त्या घरात ती गोष्ट आहे.

तिसरा माणूस खोलीत आला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानं. हा केंद्राचाच कायदा बरं का, दिल्लीनंच केला, १ जानेवारी २००८ पासून नियम लागू झाले. लोकांना वाटतं हा कायदा म्हणजे अतिक्रमणाचे पट्टे. तो एक भाग झाला, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतोय त्याला जास्तीत जास्त ४ हेक्टर. पण या कायद्याचा जीव कलम ३(१)(झ) मध्ये आहे, इंग्रजी प्रतीत ते आय म्हणून येतं. त्याच्यात लिहिलंय की गाव परंपरेनं जे सामूहिक वन वापरत आणि राखत आलं त्याचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क गावाचा. व्यवस्थापन हा शब्द नीट वाच. जमीन सरकारच्या नावावरच राहते, ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. पण परवानगी, पैसा, राखण हे माझे बाकीचे तीन तुकडे गावाकडं येतात. आणि त्या अंगणवाडीचं पण झालं, कलम ३(२) खाली शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता अशा तेरा कामांना प्रत्येकी एक हेक्टरच्या आत जमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर इथल्या इथं मिळते, दिल्लीला जायचं काम नाही.

आता मेंढा (लेखा) चं सांगतो. धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली, त्या कामामागची देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तू ऐकली असशील. तिथं बहुमतानं ठराव होत नाही, सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, मेंढ्याचं जंगल सुमारे १८०० हेक्टर. कागद हातात आला, सगळे खूष. मग बांबू विकायला काढला तर बांबू गावाबाहेर जाईना, कारण वाहतूक परवाना, आपण ज्याला टीपी म्हणतो, तो वनखातं देईना. खात्याचं म्हणणं असं की १९२७ च्या कायद्यात बांबू म्हणजे झाड, झाड म्हणजे लाकूड, आणि लाकूड आमचं. २००६ च्या कायद्यात कलम २ मध्ये बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा बाकीचा माल, म्हणून स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन्ही कायदे केंद्राचे, दोन्ही चालू, आणि मधे बांबूचे बंडल पडलेले. ज्या बांबूवर कितीतरी वर्षं कागद कारखान्याला स्वस्तात लीज दिली गेली तोच बांबू गावानं विकतो म्हटल्यावर एकदम लाकूड झाला, याचा राग मला आजही येतो.

२१ मार्च २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज आहे, ग्रामसभेचा हक्क मान्य करा. आणि २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसोबत मेंढ्याला आले आणि टीपीचं बुक गावाच्या हातात दिलं. नीट बघ काय झालं ते. दीडेक वर्षांपूर्वी जमिनीचा कागद मिळालेला होता, पण जंगल गावाचं झालं ते त्या पावतीबुकानं. पुढं सप्टेंबर २०१२ मध्ये नियमच बदलले आणि टीपी द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला मिळाला, सगळ्या देशाला.

ते बुक काय असतं ते जवळून सांगतो, कारण मी एका दुसऱ्या गावात, नाव नाही लिहीत, पहिली टीपी फाटताना तिथं होतो. साधं कार्बनचं बुक, तीन रंगांचे कागद. गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, बंडलं किती, कुठून कुठं, किती वाजेपर्यंत चालेल. ग्रामसभेचा सचिव म्हणजे बारावी झालेला पोरगा, त्यानं गाडी नंबर लिहिला, चुकला, खोडला, मग म्हणाला खोडलेलं चालणार नाही, दुसरं पान घेतलं. शिक्का मारला तर शाई वाळलेली, थुंकी लावून परत मारला. सगळं गाव ट्रकभोवती उभं. आणि ट्रक निघाला तो वीसेक किलोमीटरवरच्या नाक्यावर अडवला. तिथल्या माणसानं विचारलं हे बुक कोणी छापलं. आम्ही मोटरसायकलवर मागून गेलो, नियमाची झेरॉक्स दाखवली, त्यानं साहेबाला फोन लावला, साहेबानं त्याच्या साहेबाला. संध्याकाळी सहाला गाडी सुटली. तो नाक्यावरचा माणूस वाईट नव्हता, त्यानंच आम्हाला चहा पाजला. त्याला तीस वर्षं शिकवलेलं होतं की गावकऱ्याच्या गाडीत माल म्हणजे चोरीचा माल, एका झेरॉक्सनं ते कसं जाणार? दुसऱ्या वर्षी त्यानंच गाडी न थांबवता हात केला.

मग आता राज्याचं. लोक म्हणतात दिल्ली अडवते. माझा अनुभव वेगळा आहे, गावाला सगळ्यात जास्त घट्ट धरून ठेवलंय ते राज्यानं आणि राज्याच्या खात्यानं. कारण सरळ आहे, केंद्राला बांबूचा आणि तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, पैसा येत नव्हता, राज्याला येत होता. २०१४ मध्ये महाराष्ट्रानं १९२७ च्या कायद्याखाली ग्रामवनाचे नियम काढले, वरून दिसायला तेच, गावानं जंगल सांभाळायचं, पण आतून परत मेहरबानीच, खातं देणार आणि खातं काढून घेणार. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानंच तेव्हा त्याला हरकत घेतली होती. कितीतरी गावांना सांगितलं गेलं की दावा कशाला टाकता, हे घ्या, लवकर मिळतं. म्हणून तुझ्या गावाला कुणी असा सोपा कागद देत असेल तर आधी वर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते वाचायला सांग.

दिल्लीनंही पुढं हात आखडलाच. २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं सांगितलं होतं की जंगल जमीन वळवायची तर आधी वनहक्क पूर्ण करा आणि ग्रामसभेची संमती आणा. त्याच जोरावर ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. २०२२ च्या नियमांनी क्रम फिरवला, आता केंद्र आधी अंतिम मंजुरी देतं आणि वनहक्काचं काम राज्यानं नंतर, प्रत्यक्ष जमीन द्यायच्या आधी बघायचं. तू विचार कर, वरून मंजुरी येऊन पडलेली, कंपनीचा पैसा गुंतलेला, आणि मग कलेक्टर गावाला विचारणार की तुमची हरकत आहे का. ही विचारणा नाही. आपल्या जिल्ह्यात एटापल्लीच्या सुरजागडला लोखंडाच्या खाणीवरून जो झगडा चाललाय तो याच प्रश्नाचा आहे, तिथला डोंगर लोकांसाठी ठाकूरदेवाचा आहे. आणि जंगल तोडल्याची भरपाई म्हणून जो पैसा जमा होतो त्याचा २०१६ मध्ये कायदा झाला, ९० टक्के राज्याला, १० टक्के केंद्राला. ज्या गावाचं जंगल गेलं त्या ग्रामसभेचा टक्का त्याच्यात लिहिलेलाच नाही. वर याच पैशातून झाडं लावायला खड्डे खणतात ते परत कुठल्यातरी गावाच्या चराईच्या रानात.

तुझ्या तिकडंही हा तिसरा माणूस आहे. युटातलंच बेअर्स इअर्स, २०१६ च्या शेवटी ओबामांनी सुमारे साडेतेरा लाख एकर संरक्षित केलं, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ते ८५ टक्के कमी केलं, २०२१ मध्ये बायडन यांनी परत केलं. राज्य आणि केंद्र यांच्या या फेकाफेकीत नवाहो, होपी, झुनी आणि यूटच्या दोन अशा पाच आदिवासी जमातींनी मागितलं ते वेगळंच होतं, व्यवस्थापनात हिस्सा. २०२२ मध्ये त्यांचा केंद्राशी तसा करारही झाला. मी ते वाचलं तेव्हा मला मेंढाच आठवला. फरक एवढाच की तो करार आहे आणि आपल्याकडं तो कायद्यानं दिलेला हक्क आहे, म्हणजे कागदावर आपण पुढं आहोत. आपल्या एकट्या गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्काचे कागद मिळालेत, ही लहान गोष्ट नाही.

पण गावाकडं आलं म्हणजे सगळं चांगलं असंही मी तुला सांगणार नाही. तेंदूचं बघ. एप्रिल-मे मध्ये पानं तोडायची, सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक बॅग. ग्रामसभांनी खात्याला बाजूला करून स्वतः लिलाव केले, मजुरीशिवाय रॉयल्टी थेट घरात आली, काही गावांत त्या पैशातून पोरं शिकली. आणि काही गावांत ठेकेदारानं गाव पाटलाला, दोन-चार पुढाऱ्यांना हाताशी धरलं, करारनामा कोऱ्या कागदावर सह्या घेऊन केला, पानं उचलली आणि अर्धा पैसा बुडवला. ग्रामसभेनं केस करायची तर करारनाम्याची प्रत गावाकडं नाही. मी स्वतः अशा दोन गावांत उशिरा पोचलोय आणि लोकांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. खात्याच्या हातून ठेकेदाराच्या हातात जाणं याला ग्रामसभेचं राज्य म्हणत नाहीत. म्हणून पॅन, बँक खातं, तीन माणसांच्या सह्या आणि दर महिन्याला गावात मोठ्यानं वाचलेला हिशेब, हे दाव्याइतकंच महत्त्वाचं आहे.

चांगलं सांगायचं तर गोंडपिंपरी तालुक्यातलं पाचगाव. तिथल्या लोकांना २०१२ मध्ये हक्क मिळाला, हजारेक हेक्टर, आणि त्यांनी काय केलं तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. हातचा पैसा सोडला. कारण पानासाठी झुडपं छाटतात, कोवळी पानं यावी म्हणून आगी लावतात, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायला पाखरांना राहत नाहीत. बांबूवर गाव चालवू म्हणाले आणि चालवलं, वर जंगलाचा एक तुकडा देवासाठी म्हणून हात न लावता ठेवला. कोणत्या खात्याच्या वर्किंग प्लॅननं असा निर्णय घेतला असता मला सांग? तिकडं मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीरला १९२ हेक्टर उजाड टेकडी मिळाली, लोकांनी ती राखली, सीताफळं विकली, २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या दाव्याकडं येतो. पहिलं म्हणजे बाबांना विचार की फॉर्म बी भरलाय का फॉर्म सी. बी म्हणजे वापरायचे हक्क, मोहफूल, चारोळी, मासे, चराई. सी म्हणजे व्यवस्थापनाचा हक्क, तोच खरा. खूप गावांकडून नकळत फक्त बी भरून घेतलाय. दोन्ही पाहिजेत. दुसरं, दावा ज्या ग्रामसभेत मंजूर झाला तिचं रजिस्टर बघा, निम्मा कोरम आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया, हे नसेल तर पुढं कुणीही ते एका ओळीत उडवतं. कमी असेल तर लपवू नका, परत सभा घ्या. तिसरं, "वनखात्याचा माणूस मोजणीला आला नाही म्हणून प्रलंबित" असा शेरा असेल, आणि माझा अंदाज आहे की असेलच, तर २०१२ च्या नियमात १२अ वाचा. खात्याला लेखी कळवलेलं असताना माणूस आला नाही आणि मग हरकत घेतली तर दावा परत ग्रामसभेकडं फेरतपासणीला येतो, पुन्हा बोलावून पुन्हा आला नाही तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून बोलावल्याच्या पत्राची पोच जपून ठेवा, ती पोच म्हणजे सोनं आहे. एका तालुक्यात एका कचेरीनं आमची फाईल चौदा महिने ठेवून शेवटी सांगितलं की असं काही आलंच नाही, आणि आमच्याकडं पोच नव्हती. त्या दिवसापासून मी पोचेशिवाय पायरी उतरत नाही.

पुरावे दोन तरी लागतात. रेकॉर्ड रूममधून निस्तार पत्रकाची प्रत काढा, तिच्यात तुमच्या आजोबांच्या वेळी गाव कुठून काय आणत होतं ते कक्षासहित, म्हणजे जंगलाच्या कोणत्या नंबरच्या तुकड्यातून, निघतं. दुसरा पुरावा म्हाताऱ्यांचे लेखी जबाब, नियमात ते पुरावा म्हणून धरतात. सॅटेलाइटच्या फोटोत दिसत नाही म्हणून नाकारतो असं कुणी म्हटलं तर तो फोटो पूरक आहे, एकट्या त्याच्यावर निकाल लागत नाही, तेही नियमातच आहे. दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीनं नाकारलं तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जा, आणि जिल्हा समितीच्या विरुद्धही आपल्या अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या आदेशानं विभागीय पातळीवर अपील आहे. वनअधिकारी या समित्यांमध्ये सदस्य असतात, नकाराधिकार त्यांच्याकडं नाही, बैठकीत ते कितीही मोठ्यानं बोलले तरी.

आणि शेजारच्या गावासोबत सीमेचं आधी मिटवा. दावे अडकतात त्यातले कितीतरी खात्यामुळं नाही, याच्यामुळं अडकतात, आणि खातं मग आरामात बसून बघतं. एका गावात सीमेवरून दोन भूमिया, म्हणजे गावाचे पारंपरिक पुजारी-प्रमुख, दिवसभर भांडत होते, संध्याकाळी नाल्याकाठच्या एका मोहाच्या झाडाशी आलो, दोघांच्याही आज्या त्याच झाडाखाली फुलं वेचायच्या असं निघालं. ते झाड दोघांचं असं लिहिलं, नाला ही हद्द, आणि दोन्ही गावांनी एकमेकांच्या नकाशावर अंगठे केले. पाटील-भूमियाला पुढं घालून अशी फेरी तुमच्याकडं पण करा, होळीनंतर पानगळीत करा, तेव्हा जुने हद्दीचे दगड दिसतात, पावसाळ्यात काही सापडत नाही. मला कळवा, मी येतो. तुला तेव्हा सुट्टी मिळाली तर तू पण ये, म्हातारे पुढं चालतात आणि मागून जीपीएस धरून पॉइंट लिहायला एक तरणा माणूस लागतोच.